सदाफुलीच्या काढ्याचा खुलासा छापावा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पेशींचं आरोग्य राखणाऱ्या वनौषधी चहांवर पानभर मजकूर आला होता. गवती चहा, तुळस, गुळवेल, लाल अंबाडी आणि सगळ्यात शेवटी रंगीत चौकटीत सदाफुली. त्या चौकटीत मूठभर पानं दोन कप पाण्यात उकळून रोज सकाळी अनशापोटी घ्यायला सांगितलं आहे. त्यानं साखर आटोक्यात राहते आणि कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते, असंही म्हटलं आहे. किती दिवस घ्यायचं, कोणी घेऊ नये, आधीच गोळ्या चालू असतील तर काय करायचं, याबद्दल एक ओळही नाही. दुपारपर्यंत आमच्या गल्लीतल्या दोघींनी त्या चौकटीचा फोटो काढून महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बागेतल्या सदाफुलीच्या झुडपांचे शेंडे खुडलेले मी स्वतः पाहिले. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण शक्य तितकं छापावं अशी विनंती आहे.

मी निवृत्त औषधनिर्माण अधिकारी आहे. नोकरीची शेवटची बरीच वर्षं एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागासाठी इंजेक्शनं तयार करण्यात गेली. सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन हे औषध माझ्या हातून रोज जायचं. म्हणजे सदाफुलीचा पेशींवर परिणाम होतो की नाही, याबद्दल माझ्या मनात शंकाच नाही. परिणाम होतो, आणि तो चांगलाच होतो. काळजीचं कारणही तेच आहे.

ही गोष्ट मुळात चहापासूनच सुरू झाली, हे आपल्या लेखात आलं असतं तर बरं झालं असतं. जमैकात सदाफुलीच्या पानांचा चहा मधुमेहावर म्हणून पीत असत. 1952 साली तिथून कॅनडातले डॉक्टर क्लार्क नोबल यांच्याकडे पाकिटातून 25 पानं आली. त्यांनी ती आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्ट हे वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधक होते. या पानांचा अर्क उंदरांना तोंडावाटे देऊन पाहिला, तर रक्तातली साखर जागची हलली नाही. मग तोच अर्क शिरेतून दिला. साखर तशीच राहिली, पण उंदीर आठवड्याच्या आत मरू लागले. अंगात ठिकठिकाणी पू झालेला होता आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या होत्या. अस्थिमज्जेत नव्या पेशी तयार होणंच थांबलं होतं, त्यामुळे साध्या जंतूंशीही त्यांना लढता येत नव्हतं.

दुसऱ्या कोणी हा अर्क विषारी म्हणून फेकून दिला असता. रॉबर्ट नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बिअर यांनी उलटा विचार केला. ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या आजारात हेच विष कामाला येईल का? 1958 साली त्यांनी त्यातलं व्हिन्ब्लास्टिन हे द्रव्य जगापुढे ठेवलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतही सदाफुलीवर काम चालू होतं. तिथे व्हिन्क्रिस्टिन सापडलं आणि 1963 साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही सुरुवातीच्या उपचारात हे औषध असतंच. त्या काळात हा आजार झालेली बहुतेक मुलं काही महिन्यांतच जायची. आज चांगल्या केंद्रांत दहातली आठ-नऊ मुलं बरी होतात. अर्थात हे एकट्या सदाफुलीचं श्रेय नाही, बरोबर चार-सहा औषधं असतात आणि दोन-अडीच वर्षांचा नेटका उपचार असतो.

व्हिन्क्रिस्टिन काम कसं करतं, हे थोडक्यात सांगते. पेशी दुभंगताना आतली गुणसूत्रं दोन्ही बाजूंना ओढून नेण्यासाठी बारीक तंतू तयार होतात. व्हिन्क्रिस्टिन त्या तंतूंचा कच्चा माल असलेल्या प्रथिनाला चिकटतं आणि तंतू बनूच देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. आता ही पेशी कर्करोगाची आहे की केसाच्या मुळाची, हे त्या द्रव्याला कळत नाही. जी पेशी भराभर दुभंगते ती सापडते. शिवाय मज्जातंतूंमध्येही असेच तंतू असतात, ते दुभंगण्यासाठी नव्हे तर माल वाहून नेण्यासाठी. तेही बिघडतात. म्हणून या औषधावरच्या मुलांची बोटं बधिर होतात, चालताना पाऊल लटकं पडतं, जबडा दुखतो, पोट आठ-आठ दिवस साफ होत नाही.

आता मात्रा बघा. मोठ्या माणसालासुद्धा एका वेळी साधारण 2 मिलिग्रॅमच्या वर हे औषध देत नाहीत, आणि तेही बहुधा आठवड्यातून एकदाच. दोन मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा पाचशेवा भाग. काचेची छोटी कुपी, आत पाण्यासारखं स्वच्छ औषध, ठेवायची फ्रीजमध्ये आणि उजेडापासून दूर. मुलाची उंची आणि वजन घेऊन अंगाचं क्षेत्रफळ काढायचं, त्यावरून मात्रा काढायची. मी काढलेला आकडा दुसऱ्यानं पुन्हा काढायचा, दोन्ही जुळल्याशिवाय कुपी फोडायची नाही. भरलेल्या औषधावर ठळक अक्षरांत लिहायचं की हे फक्त शिरेतून द्यायचं आहे, दुसऱ्या मार्गानं दिलं तर जीव जाईल. हे अतिशयोक्त वाटेल, पण पाठीच्या कण्यात द्यायच्या दुसऱ्या औषधाच्या जागी चुकून हे दिलं गेल्यानं जगभरात माणसं दगावली आहेत. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेला त्यावर खास इशारा काढावा लागला. शिरेतून देताना थेंब बाहेर झिरपला तर तिथलं मांस जळतं. हातमोजे, मास्क, बंद कपाट, एवढा सगळा सरंजाम ज्या झाडाच्या द्रव्यासाठी करावा लागतो, त्या झाडाची पानं ‘मूठभर’ घ्या असं आपण छापलं आहे. कोणाची मूठ, हाही प्रश्न आहेच.

यावर कोणी म्हणेल, पानात ते द्रव्य असतंच किती? खरं आहे. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात आणि तोंडावाटे ते अंगी नीट लागतही नाही. म्हणूनच काढ्यानं कर्करोग बरा होण्याची आशा धरता येत नाही. पण म्हणून तो निरुपद्रवी आहे असंही म्हणता येत नाही, कारण सदाफुलीत एकच द्रव्य नाही. तिच्यात शंभरावर अल्कलॉइड, म्हणजे अंगावर परिणाम करणारी झाडातली द्रव्यं, सापडले आहेत. गुलाबी फुलाचं झाड, पांढऱ्या फुलाचं झाड, उन्हातलं, सावलीतलं, कोवळं पान, जून पान, सगळ्यांत प्रमाण वेगळं. आज प्यालेल्या कपात जे होतं ते उद्याच्या कपात असेलच असं नाही. तैवानमधल्या विषतज्ज्ञांनी 2004 साली, सदाफुली घेतलेल्या रुग्णाच्या अस्थिमज्जेवर गंभीर परिणाम झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आहे. नोबल यांच्या उंदरांना जे झालं, तेच माणसात.

वॉर्डातली एक गोष्ट लिहिते. जत तालुक्यातल्या एका मुलाला रक्ताच्या कर्करोगासाठी दाखल केलं होतं. सहा-सात वर्षांचा असेल. सोबत आजी असायची, आईबाप ऊसतोडीला गेलेले. एके दिवशी औषध पोचवायला मी वॉर्डात गेले, तर आजी स्टीलच्या फुलपात्रातून त्याला काहीतरी काळपट पाजत होती. तो तोंड वाकडं करत होता आणि ती पदरानं त्याचं तोंड पुसत समजावत होती. मी विचारलं, “आजी, हे काय पाजताय?”

“सदाफुलीचा काढा हाय बाई. पेपरात आलं हुतं म्हनं, ह्या रोगावर चालतंय. पानं आमच्याच दारातली हायत, फवारा मारल्याली न्हाईत.”

माझ्या हातातल्या ट्रेमध्ये त्याच पोरासाठी भरलेलं व्हिन्क्रिस्टिन होतं. मी आजींच्या शेजारी बसले आणि त्यांना सांगितलं, “आजी, तुमच्या दारातल्या झाडाचंच औषध आम्ही देतोय. पण त्यातला किती अंश पोराला सोसतो ते मोजून देतोय. तुम्ही वरून आणखी पाजलंत तर मोजलेलं सगळं वाया गेलं.” त्यांना ते पटलं. पटलं याचं कारण, आपल्या झाडाला आम्ही हसलो नाही. उलट ते झाड खरंच औषधी आहे हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. डॉक्टरांना मी लगेच कळवलं, त्यांनी त्या दिवशी रक्त तपासूनच पुढचं औषध दिलं. ‘पेपरात आलं हुतं’ हे त्यांचे शब्द मात्र मला परवा आपली पुरवणी वाचताना जसेच्या तसे ऐकू आले. संपादक महाराज, गावाकडे छापील अक्षराला अजून वजन आहे. मोबाइलवरचं खोटं असू शकतं, हे लोकांना आता कळतं. पेपरातलं खोटं असेल असं त्यांना वाटत नाही.

आता गवती चहा. तो मी रोज पिते, तेव्हा त्याच्याविरुद्ध लिहायचं काहीच कारण नाही. आमच्या नळाच्या मोरीपाशी त्याचं बेट आहे. पातीची कड हाताला कापते, म्हणून मूळ धरून पीळ देत तोडायची, दोन-तीन पातींची गाठ मारायची आणि आल्याच्या तुकड्याबरोबर पाण्यात टाकायची. सर्दीनं डोकं जड झालेलं असलं की त्या वाफेनंच निम्मं हलकं वाटतं. पण आपल्या लेखात त्याच्याबद्दल जे आलं आहे, की एका कपात कर्करोगाच्या पेशी आत्महत्या करतात, ते अर्धवट आहे. वीस वर्षं ते फिरतंय, त्याचं मूळ सांगते.

2005 साली इस्राएलमधल्या बेन गुरिअन विद्यापीठातल्या संशोधकांनी गवती चहातल्या सिट्रल या सुगंधी द्रव्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर सिट्रल घातलं, तर त्या पेशींनी स्वतःला संपवण्याची यंत्रणा चालू केली. एक ग्रॅम गवती चहाच्या कपात जेवढी तीव्रता असते, साधारण तेवढीच त्यांनी वापरली होती. प्रयोग चांगला होता, खोटा मुळीच नव्हता. पण बातमी फुटली आणि तिकडे गवती चहा पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या दारात रुग्णांची रीघ लागली. तीच बातमी भाषा बदलत बदलत आपल्याकडे आली.

काचेच्या भांड्यात सिट्रल पेशीच्या अंगावर थेट पडतं आणि तासन् तास तिथेच राहतं. कपातलं सिट्रल आधी वाफेबरोबर उडतं. स्वयंपाकघरभर जो वास दरवळतो ना, तो कपातून निघून चाललेल्या सिट्रलचाच असतो. उरलेलं पोटात जातं, आतड्यातून यकृतात जातं आणि यकृत त्याची मोडतोड करून लघवीवाटे बाहेर काढतं. गाठीपर्यंत काय आणि किती पोचतं, हा वेगळा प्रयोग आहे आणि तो माणसांवर करावा लागतो. भांड्यातल्या पेशी तर मिठाच्या पाण्यानंही मरतात. म्हणून ‘पेशी मेल्या’ असं वाचलं की पहिला प्रश्न हा विचारायचा की त्या पेशी कुठे होत्या, भांड्यात, उंदरात की माणसात. आपल्या आरोग्यपानाचं काम पाहणाऱ्यांनी एवढा एकच प्रश्न प्रत्येक लेखाला विचारला तरी निम्मी चौकट गळून जाईल.

अँटिऑक्सिडंटचंही तसंच. मुक्त मूलकं म्हणजे फ्री रॅडिकल्स वाईट, ती पुसून टाकणारा चहा चांगला, इतकं सरळ ते असतं तर किती बरं झालं असतं. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात त्या याच मूलकांचा मारा करून. पेशीजवळ स्वतःची आवराआवर करणारी विकरं म्हणजे एन्झाइम्सही आहेत. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा कॅरोटिन हे नावाजलेलं अँटिऑक्सिडंट त्यातल्या काहींना गोळीतून वर्षानुवर्षं दिलं. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. 1994 साली निकाल आला, तर गोळी घेणाऱ्यांत तो 18 टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, प्रश्न गोळीत एकवटलेल्या मात्रेचा होता. ग्रीन टीचंही असंच आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं 2018 साली सांगितलं की कपातून प्यालेला ग्रीन टी सहसा सुरक्षित आहे, पण त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य कॅप्सूलमधून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसतात. झाड तेच, पान तेच.

गुळवेलीबद्दल तर आपल्याच राज्यातला दाखला आहे. करोनाच्या काळात घरोघर गुळवेल उकळली गेली. 2021 साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वेल नक्की गुळवेलच होती का, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जाती आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आक्षेप रास्त होता. पुढच्याच वर्षी देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 रुग्णांचा अभ्यास मांडला. त्रास दिसायला साधारण दीड महिना लागला होता आणि ज्यांच्यात आधीपासून शरीराची स्वतःच्याच पेशींवर उलटण्याची प्रवृत्ती होती, त्यांना धोका जास्त होता. मला इथे महत्त्वाचं वाटतं ते हे की ज्या गुळवेलीचा ‘प्रतिकारशक्ती जागवणारी’ म्हणून गौरव होतो, ती जागवते हे खरं मानलं तर ती कोणाच्या अंगात काय जागवेल हेही पाहायला नको का? आमच्या ओळखीचे एक वृद्ध वैद्य आहेत. ते गुळवेल देतात, पण नाडी बघून, मोजक्या दिवसांसाठी, आणि मध्ये बोलावून विचारपूस करतात. रोज उठून सगळ्यांनी प्यावी असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तेव्हा माझं भांडण आयुर्वेदाशी नाही, हे कृपया कोणी विपर्यास करण्याआधी लक्षात घ्यावं.

उलट मोजमाप कसं असावं याचा नमुना आयुष मंत्रालयाच्या काढ्यातच होता. 2020 सालच्या त्या कृतीत तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरी एक, असं प्रमाण दिलेलं होतं. त्या भरडीतली 3 ग्रॅम 150 मिलिलिटर उकळत्या पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. किती नेमकं! घरोघरी मात्र पातेलंभर करून दिवसभर पीत राहिले, वर ज्येष्ठमधाची कांडी टाकली. ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेला तर अंगात पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. लघवीची गोळी घेणाऱ्याचं हृदय त्यानं बिघडू शकतं. आमच्या काउंटरवर येणाऱ्या किती जणांना मी हे सांगितलं, आणि प्रत्येकाचं उत्तर एकच, “अहो, घरगुतीच आहे की!”

वनस्पतींच्या चहाची नीट परीक्षा घेता येत नाही असं मात्र नाही. आपल्या लेखातली लाल अंबाडी हे त्याचं उत्तम उदाहरण आहे, आणि नेमकी तीच आपण दोन ओळींत उरकली. विदर्भ-मराठवाड्यात अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत करतात, चटणी करतात. त्याच बोंडांच्या चहाची चाचणी 2010 साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठानं प्रसिद्ध केली. रक्तदाब थोडा वाढलेली, पण गोळी सुरू न झालेली 65 माणसं घेतली. काहींना रोज तीन कप अंबाडीचा चहा दिला, बाकीच्यांना तसाच लाल, तशाच चवीचा साधा द्राव. सहा आठवड्यांनी चहा पिणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनी उतरला, दुसऱ्यांचा जेमतेम एकानं. किती ग्रॅम बोंडं, किती पाणी, कोणाला, किती दिवस, सगळं लिहिलेलं आहे. आता एखाद्या वाचकानं विचारलं की मी घेऊ का, तर मला उत्तर देता येतं. गोळी चालू नसेल, दाब थोडाच वर असेल, तर घ्या आणि महिन्यानं मोजून पाहा. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, कारण दोन्हीचा परिणाम मिळून दाब फार खाली जाऊ शकतो. पेशींचं नवजीवन वगैरे त्यात काही नाही, पण उपयोग आहे, आणि तो किती हे सांगता येतं. शिवाय आपल्याच शेतकऱ्याचं कोरडवाहू पीक आहे. पानभर लिहायचं असेल तर यावर लिहा. बोंडं कशी सोलायची, बी कसं वेगळं करायचं, सावलीत कशी वाळवायची. आमच्या घरी आलेली बोंडं माझी सून भावाच्या गावाहून, परभणीकडून आणते, आणि वर्षभर बरणीत गर्द लाल राहतात.

कायद्याकडे पाहिलं तर 1954 सालचा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा कर्करोग आणि मधुमेहावर इलाज असल्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो. उद्या एखाद्या दुकानदारानं सदाफुलीच्या पुड्यावर तुमच्या चौकटीतली वाक्यं छापली तर तो अडचणीत येईल. जे पुड्यावर छापता येत नाही ते आरोग्यपानावर का यावं?

म्हणून मागणं आहे. सदाफुलीच्या चौकटीचा खुलासा येत्या रविवारच्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच आकारात छापावा. आतल्या कोपऱ्यात दोन ओळींची दिलगिरी नको, ती कोणी वाचत नाही. यापुढे काढ्याची कोणतीही कृती छापाल तेव्हा वनस्पतीचं शास्त्रीय नाव, ग्रॅममधलं प्रमाण, किती दिवस, आणि गरोदर बायका, लहान मुलं, यकृत-मूत्रपिंडाचे रुग्ण, कर्करोगाचे उपचार घेणारे यांनी काय करावं, एवढं असल्याशिवाय ती छापू नये. लेखकाला हे माहीत नसेल तर कृतीच वगळावी, बाकीचा लेख तिच्यावाचून अडत नाही. आणि मजकूर एकदा एखाद्या वैद्यांना आणि एखाद्या औषधशास्त्राच्या शिक्षकाला, दोघांनाही दाखवावा. जिल्ह्याजिल्ह्याला दोन्ही मिळतात, आनंदानं वाचून देतील. कोणी मिळालं नाही तर मी वाचून देईन, मला त्याचे पैसे नकोत.

ज्यांनी तो काढा सुरू केला आहे, त्यांच्यासाठी खुलाशात एवढं जरूर द्यावं. काढा आजच थांबवावा. दोन-चार दिवस घेतला असेल आणि काही त्रास नसेल तर घाबरू नये. ताप, तोंड येणं, अंगावर निळे डाग, हातापायांना मुंग्या, न थांबणाऱ्या उलट्या किंवा जुलाब, यांतलं काही असेल तर डॉक्टरांकडे जाऊन सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी आणि ‘सदाफुलीची पानं घेत होते’ हे न लाजता सांगावं. गरोदर बाईनं घेतला असेल तर त्रासाची वाट न पाहता दाखवावं. मधुमेहाच्या गोळ्या काढ्याच्या भरवशावर बंद केल्या असतील तर डॉक्टरांना विचारून त्या लगेच पुन्हा सुरू कराव्यात, आणि साखर तपासून घ्यावी. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी पुढचं इंजेक्शन घेण्याआधी काढ्याबद्दल सांगावंच, कारण मात्रा काढणाऱ्याला ते माहीत असावं लागतं.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, मिरज
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे, प्रसिद्धीसाठी नाही.)